आदेश कुठे आहे?

अल अझीझिया, दोहा
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

मा. संपादक,
साप्ताहिक 'पडताळा' यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही चार वर्षं माझा फोन घेत नाही. ठीक आहे. पण संपादकाच्या नावाने आलेलं आणि खाली पूर्ण नाव-पत्ता असलेलं प्रत्येक पत्र वाचायचंच, हा नियम तुमचाच आहे. ऑफिसच्या भिंतीवर तो माझ्याच अक्षरात लावलेला आहे; आठवीच्या सुट्टीत माझ्याकडून रंगवून घेतला होतात. तेव्हा आता नियमाप्रमाणे वाचा.

हे मी हाताने लिहून त्याचे फोटो आईच्या फोनवर पाठवणार आहे. ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणेल आणि तुमच्या टपालाच्या ट्रेमध्ये ठेवेल. तिला रागावू नका. तिचं काम पोस्टमनचं आहे, आणि पोस्टमनवर कोणी अग्रलेख लिहीत नाही.

एक अट. हे पत्र छापायचं नाही. माझ्या करारात गोपनीयतेचं कलम आहे, म्हणून पुढे ज्या देशाबद्दल लिहिणार आहे त्याचं नावही लिहीत नाही. तुम्ही नकाशा काढून बसाल हे माहीत आहे. बसा.

तर असं आहे. इथली माझी कंपनी दुसऱ्या देशांची मोबाइल नेटवर्क दुरून सांभाळते. मोठा हॉल, भिंतभर पडदे, आणि पडद्यांवर त्या त्या देशातले टॉवर हिरव्या ठिपक्यांनी दिसतात. ठिपका लाल झाला की आमची धावपळ सुरू होते, तीही बसल्या जागी. जूनपासून माझ्याकडे पश्चिम आफ्रिकेतला एक चिमुकला देश आला आहे. आपले दोन-तीन जिल्हे एकत्र केले तर होईल एवढा. अख्ख्या देशाचे टॉवर माझ्या एका पडद्यावर मावतात. मला तो देश फार आवडतो. मी तिथे कधी गेलेले नाही, पण कुठल्या गावात दुपारी वीज जाते आणि कुठे बाजाराच्या दिवशी सगळे एकदम फोन करतात, हे मला इथे बसून कळतं.

माझ्या शेजारी खलील बसतो. तो त्याच देशाचा. उंच, हसरा, आणि चहा एका पेल्यातून दुसऱ्यात इतक्या वेळा ओततो की मला वाटतं हा चहा करतोय की वेळ काढतोय. त्याची बहीण आवा तिथल्या एका गावात रेडिओ चालवते. रेडिओ म्हणजे दोन खोल्या, एक मनोरा आणि आवा. हरवलेल्या शेळ्या, लग्नाची आमंत्रणं, खताचे भाव, आणि मधूनच सरकारला असा एखादा प्रश्न, की दहा वर्षांत त्या दोन खोल्यांना तीनदा टाळं लागलं. तीनदा उघडलंही. खलील ते इंटरनेटवरून ऐकतो आणि इअरफोनचं एक टोक मला देतो. भाषा कळत नाही, पण आवा हसली की मीही हसते.

आता मुद्द्यावर येते. सहा नोव्हेंबरला तिथे मतदान आहे आणि सात तारखेला मोजणी. मोजणी केंद्रावरच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. आवाची माणसं प्रत्येक केंद्रावर उभी असतात, आकडा फोनवर कळवतात, आणि ती तो लगेच रेडिओवर वाचते. एकदा सगळ्या गावाने आकडा ऐकला की राजधानीत पोचेपर्यंत तो बदलणं अवघड होतं. म्हणून गेल्या खेपेला मोजणीच्या दिवशी नेटवर्कच बंद केलं होतं. तांत्रिक कारण, असं सांगितलं होतं.

या खेपेला ते बंद करायचं बटण माझ्या टेबलावर आहे, बाबा.

परवा खलीलने सरळ विचारलं, "सुचित्रा, त्यांचा फोन आला तर बंद करशील?" मी म्हटलं, "आदेश लेखी मागेन." तो म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." आणि चहा ओतत बसला.

तुम्ही म्हणाल, हिला लेखीची आठवण आत्ता बरी झाली! चार वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यातलं नेट तीन दिवस बंद पडलं तेव्हा नाशिकच्या शिफ्टवर (घरूनच जाऊन-येऊन करायचे) मी होते, फोन मला आला होता आणि बटण मी दाबलं होतं. खरं आहे. पुढच्या गुरुवारी तुम्ही पहिल्या पानावर 'आदेश कुठे आहे?' असा अग्रलेख लिहिलात. त्यात माझं नाव छापलंत, आणि मी तुमची मुलगी आहे हेही छापलंत. कंपनीला कोणाच्या तरी माथी खापर फोडायचंच होतं. पंधरा दिवसांत मी घरी बसले आणि दोन महिन्यांत दोह्यात आले. पण त्या दिवशी मी आदेश लेखी मागितला होता. त्यांनी दिला नाही. हे मी तेव्हा ओरडून सांगितलं होतं, आज लिहून देते.

तुमच्या पाठीचं दुखणं कसं आहे ते आई सांगत नाही. तुम्ही सांगणार नाहीच. असो.

आपली वाचक,
सुचित्रा श्यामराव कोठावदे
अल अझीझिया, दोहा, कतार


दोहा
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आईचा फोन आला. आवाज असा, जणू मला पुरस्कारच मिळाला आहे. "अगं, शिक्का मारला त्यांनी! आवक क्रमांक एकशे सतरा! दोनदा वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं, आणि फाइलला लावलं. बोलले काहीच नाहीत, पण शिक्का मारला गं!" मी ऑफिसच्या कँटीनमध्ये उभी होते. इतकी मोठ्याने हसले की समोरच्या माणसाच्या हातातला करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा, हिंदकळला. चार वर्षांनी घराने माझी नोंद घेतली, तीही रबरी शिक्क्याने. मला चालतं.

दिवाळीचा फराळ पोचला. माझ्या फ्लॅटमध्ये अंतरा म्हणून पुण्याची मुलगी आहे, बँकेत आहे, तिने निम्म्या चकल्या पहिल्याच दिवशी संपवल्या आणि वर म्हणाली की काकूंच्या हाताला तोड नाही. उरलेल्या मी खलीलला नेल्या. त्याने एक तोडली, तिची वळणं बघत राहिला आणि म्हणाला, "हे करायला बसणाऱ्या माणसाला घाई नसणार." आईला सांगा. तिला आवडेल.

कामाचं सांगते. आमच्याकडे नेटवर्क बंद करायचा एक फॉर्म आहे. सहा रकाने. कोण सांगतंय, हुद्दा, सही, कुठल्या कायद्याखाली, कधीपासून, कधीपर्यंत. शिवाय आलेला आदेश आपल्याकडच्या नोंदीतल्या नंबरवर उलट फोन करून खरा आहे का ते बघायचं. फॉर्मवर लिहिलेल्या नंबरवर नव्हे. हे सगळं वाचलं तेव्हा मला वाटलं तुम्हीच तयार केलाय. फक्त इथली रीत अशी की काम आधी होतं आणि फॉर्म दोन दिवसांनी, आठवेल तसा भरतात. जुन्या फायली काढून बघितल्या. गेल्या निवडणुकीचा फॉर्म सापडला. सहापैकी दोन रकाने भरलेले, आणि त्यातला एक चुकीचा.

आमचे साहेब नसरुद्दीनभाई भोपाळचे आहेत. त्यांना जाऊन सांगितलं की मी या वेळी फॉर्म आधी मागणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दाढी खाजवली. "बेटा, कायदे की बात है, मांगो. लेकिन गिनती जुम्मे को है, और जुम्मे को मेरा फोन मस्जिद में बंद रहता है. समझ रही हो ना?" समजले. त्या दिवशी जे काही असेल ते माझं मलाच बघायचं आहे. खलीललाही त्या आठवड्यापुरतं या देशाच्या कामावरून काढलंय, त्याचे घरचे लोक तिथे आहेत म्हणून. बरोबरच आहे. पण तो बिचारा रोज माझ्या खुर्चीमागून तीनदा जातो आणि पडद्याकडे न बघितल्यासारखं करतो.

एक विचारायचं होतं. आवाज न चढवता नाही कसं म्हणतात? माझा आवाज चढतो हे तुम्हाला माहीत आहे. तो मी तुमच्याकडूनच घेतलाय. पण लहानपणी मी तुम्हाला वेगळं करताना पाहिलंय. कोणी पुढारी ऑफिसात येऊन अमक्याविरुद्ध छापा म्हणायचा, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "साहेब, बसा, चहा घ्या, आणि कागदावर लिहून सही करून द्या, छापतो." मग तो चहा पिऊन निघून जायचा. मी दरवेळी मोजायचे. नऊ पुढाऱ्यांपैकी एकाने कागद दिला होता. तुम्ही कधी रागावलेले दिसला नाहीत. फक्त वाट बघत बसायचात.

दोन आठवडे उरले. मला झोप नीट लागत नाही आणि भूक मात्र दुप्पट लागते, हे काय प्रकरण आहे कळत नाही.

आपली वाचक,
सुचित्रा श्यामराव कोठावदे


दोहा
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नमस्कार वगैरे झाला, आता ऐका. नाही, आधी चिठ्ठीचं. तुमची चिठ्ठी आईने फोटो काढून पाठवली होती. 'पत्रलेखिकेने २०२१ साली आदेश लेखी मागितला होता, यास पुरावा काय?' एक ओळ, खाली सही, तारीख. चार वर्षांत तुमचं अक्षर पहिल्यांदा बघितलं. उत्तर देणार आहे. पण आज नको. आज मला कालचं सांगू द्या, नाहीतर मी फुटेन.

काल शुक्रवार. हॉल अर्धा रिकामा. सकाळी दहालाच माझ्या पडद्यावरचे ठिपके उजळायला लागले. त्यांचं घड्याळ आमच्या तीन तास मागे, म्हणजे तिथे सात वाजलेले आणि सगळा देश उठून एकमेकांना फोन करत होता. मोजणी त्यांच्या नऊ वाजता, आमच्या बाराला. अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

आमच्या ग्राहक कंपनीचे तिथले मॅनेजर होते. एरवी फार गोड माणूस. काल आवाज कोरडा होता, आणि त्यांच्या मागे दुसरं कोणीतरी बोलत होतं.

"मॅडम, तुमच्या बारा वाजता नेटवर्क बंद करायचंय. फक्त चार तास."

"जरूर, सर. फॉर्म पाठवते. भरून द्या, लगेच बघते."

"फॉर्म नंतर भरू. गेल्या वेळी नंतरच भरला होता."

"गेल्या वेळी मी नव्हते, सर. तुम्ही चहा घेतलात का सकाळचा?"

बाबा, मी खरंच हे विचारलं! ते गोंधळले आणि म्हणाले, नाही घेतला. मी म्हटलं घ्या, तोवर फॉर्म येतोच. आवाज चढला नाही. टेबलाखाली मात्र मी चप्पल काढून एक पाय दुसऱ्या पायाखाली दाबून धरला होता. नोकरी गेली तर इथे राहताही येत नाही. म्हणजे पुन्हा घरी येऊन तुमच्यासमोर बसायचं.

अकरा चाळीसला मेल आला. 'फोनवर ठरल्याप्रमाणे बंद करावे.' नाव नाही, सही नाही. मी सहाही रकान्यांची आठवण करून परत पाठवला. लगेच फोन.

"मॅडम, कोण सांगतंय ते सगळ्यांना माहीत आहे."

"मलाही माहीत आहे, सर. फॉर्मला माहीत नाही."

बारा वाजले. मोजणी सुरू झाली. खलील आपल्या घरी, अल वक्र्यात, रेडिओला कान लावून बसला होता. त्याचा पहिला निरोप आला, 'आवाने एका केंद्राचा आकडा वाचला.' मी उत्तर दिलं नाही. कामावर असताना बोलायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण वाचला मात्र लगेच.

बारा वीसला दुसरा मेल. या वेळी फॉर्म होता. नावाच्या रकान्यात लिहिलेलं, 'सक्षम अधिकारी'. मी फोन करून अदबीने विचारलं, "सर, सक्षम अधिकाऱ्यांचं आडनाव काय?" मग मागचा तो दुसरा माणूस ओरडला. भाषा कळली नाही, पण अर्थ कळला. पडद्यावर एकेका गावाचा ठिपका भरून येत होता, आणि प्रत्येक ठिपक्यामागे कोणीतरी फोन कानाला लावून आकडा सांगत असणार असं मला वाटत होतं.

पाऊण वाजता तिसरा मेल, आणि आता सहाही रकाने भरलेले. एका उपसचिवांचं नाव, हुद्दा, झोकदार सही. खरं सांगते, माझं धाबं दणाणलं. फॉर्म पुरा असेल तर मी नाही म्हणू शकत नाही. मग उलट फोनची आठवण झाली. आमच्या नोंदीतून त्या उपसचिवांचा नंबर काढला आणि लावला.

पलीकडे ढोल. गाणी. बायकांचा हसण्याचा आवाज. एक म्हातारे गृहस्थ ओरडून म्हणाले, "कोण? मोठ्याने बोला! माझ्या नातीचं आज बारसं आहे!"

मी ओरडून सांगितलं कोण आहे ते, आणि त्यांच्या सहीचा आदेश वाचून दाखवला. ढोलापासून ते लांब गेले असावेत, कारण आवाज कमी झाला.

"बाई, मी सोमवारपासून सुट्टीवर आहे. सही मी आज एकाच कागदावर केली आहे, आणि त्यावर माझ्या नातीचं नाव आहे."

"अभिनंदन, सर. मग हा आदेश तुमचा नाही?"

"नाही. लिहून देऊ?"

"द्या ना, सर! खूप उपकार होतील."

आणि बाबा, त्या माणसाने बारशातून मेल केला. 'सदर आदेशावरील सही माझी नाही. मी रजेवर आहे.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख, वेळ. दिवसभरात माझ्याकडे आलेला एकमेव नीट कागद तो होता. तो त्यांच्याच देशाच्या नेटवर्कवरून आला, कारण ते चालू होतं! मी तो त्या मॅनेजरना पुढे पाठवला, अगदी नम्रपणे, आणि कळवलं की पुढच्या फॉर्मची वाट बघते आहे.

नसरुद्दीनभाई दीडला नमाजाहून आले, हातात सगळ्या शिफ्टसाठी बिर्याणी. काय झालं ते ऐकलं, तो मेल वाचला, आणि म्हणाले, "यल्ला, चलो, पहले खाना खाओ." मी खाल्लं. किती खाल्लं विचारू नका.

साडेतीनला मॅनेजरांचा शेवटचा फोन. आता त्यांच्या मागे कोणी नव्हतं. "मॅडम, राहू द्या. सगळी केंद्रं रेडिओवर वाचून झाली. आता बंद करून उपयोग नाही." मग जरा थांबून म्हणाले, "माझी आईही रेडिओ ऐकत होती." ते हसले. काल पहिल्यांदाच हसले.

कोण जिंकलं ते मी लिहीत नाही. जेवढं मोजलं तेवढंच बाहेर आलं, एवढं पुरे.

शिफ्ट संपवून मी आणि अंतरा मेट्रोने अल वक्र्याला गेलो. खलीलच्या खोलीत त्याच्या देशाचे वीसेक जण, मोठ्या परातीत लाल भात आणि वर मासा, सगळे एकाच परातीत हात घालून जेवत होते. मला खुर्ची दिली, मी खाली बसले. फोनवर आवा होती. दिवसभर आकडे वाचून तिचा घसा पार बसला होता. खलीलने तिला माझं नाव सांगितलं. ती त्या घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणाली आणि खोलीतले सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. अंतराने तर शिट्टी वाजवली, बँकेत आहे ती!

आपली वाचक,
सुचित्रा श्यामराव कोठावदे


दोहा
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

मा. संपादक यांस,

काल ऑफिसात बैठक झाली. ग्राहकाची तक्रार होती. नसरुद्दीनभाई म्हणाले, तक्रार लेखी द्या. ती काही आली नाही. मग सगळ्या हॉलसमोर त्यांनी माझं कौतुक केलं. म्हणाले, ही मुलगी तत्त्वाची पक्की आहे, पहिल्यापासून अशीच असणार. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला ते 'पहिल्यापासून' सहन होईना. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

तुमच्या चिठ्ठीचं उत्तर. पुरावा नाही, कारण मी मागितलाच नव्हता.

२०२१ साली फोन आला, समोरचा माणूस म्हणाला वरून आलंय, बंद करा, आणि मी बंद केलं. मला एक मिनिटही लागलं नाही. लेखी मागावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी, तुमची मुलगी, जिने तो नियमांचा फलक रंगवला. नंतर तुमचा अग्रलेख वाचला तेव्हा इतकी लाज वाटली की मी खोटं बोलले. मागितला होता, दिला नाही. ते मी एवढ्या वेळा म्हटलं की पुढे मलाच खरं वाटायला लागलं. महिन्यापूर्वी तुम्हाला पहिल्या पत्रात पुन्हा लिहिलं, तेव्हा हात अडखळला होता. तरी लिहिलं.

त्या तीन दिवसांत तुमच्याकडे टाइपिंग करणाऱ्या अभिजितदादांच्या मुलीचा, गार्गीचा, प्रवेशाचा अर्ज राहून गेला आणि तिचं वर्ष गेलं. ती आता शेतकी कॉलेजात चांगली शिकते आहे हे आईने सांगितलंय, पण एक वर्ष गेलं ते गेलंच. तिला मी वेगळं लिहिते आहे.

तुम्ही विचारलंत ते योग्य विचारलंत, तेव्हाही आणि आत्ताही. आधीची पत्रं छापू नका. हे छापायला माझी हरकत नाही. फक्त सुरुवातीचा ऑफिसचा भाग गाळा.

सुचित्रा श्यामराव कोठावदे
अल अझीझिया, दोहा, कतार


दोहा
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

अठरा दिवस तुमच्याकडून काही नाही. आईला विचारलं तर म्हणायची, "मला काही विचारू नकोस, मी फक्त पोस्टमन आहे." आवाजात हसू होतं, आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

आज सकाळी मिहीर आला. नाशिकचा आहे, गेल्या वर्षी इथे बांधकामाच्या साइटवर रुजू झालाय, आठवडाभर घरी गेला होता. हातात कागदी पुडकं. "काकांनी स्वतः बसस्टँडवर आणून दिलं. म्हणाले घडी मोडायची नाही, वर काही ठेवायचं नाही. मी विमानात मांडीवर धरून आणलंय, ताई."

२० नोव्हेंबरचा 'पडताळा'. मी खाली जमिनीवर बसूनच उघडला.

चूक ज्या पानावर, ज्या जागी, जेवढ्या टायपात, दुरुस्तीही तिथेच आणि तेवढीच, हा तुमचा हट्ट मला माहीत आहे. एकदा एका सरपंचांचं वय चुकलं होतं तेव्हा तुम्ही अख्खं पान पुन्हा लावलं होतंत आणि अभिजितदादा दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तरी पहिल्या पानावर, अग्रलेखाच्या जागी, त्याच जाड टायपात 'खुलासा' बघितला तेव्हा मी घडी परत मिटली. मला वाटलं माझं पत्र छापलंत. मनाची तयारी केली आणि वाचायला लागले.

अंतरा स्वयंपाकघरातून विचारत होती काय झालं, काय झालं. तिला मोठ्याने वाचून दाखवायला गेले आणि तिसऱ्या ओळीला अंक तिच्या हातात दिला. मग तिने वाचलं. नंतर दुपारी अल वक्र्यात मी तो खलीलला इंग्रजीत आणि नसरुद्दीनभाईंना हिंदीत सांगितला. नसरुद्दीनभाई म्हणाले, "तुम्हारे अब्बा को हमारा सलाम लिखो." लिहिला. त्यांच्याकडे, सांगायचं राहिलं, ग्राहकाने मला या कामावरून काढा असं तोंडी कळवलं होतं. त्यांनी तुमचंच शस्त्र उपसलं, 'लेखी द्या' म्हणाले, आणि मी अजून माझ्याच खुर्चीवर आहे. खलीलने आवाला फोन लावला आणि तिच्या भाषेत सगळं सांगितलं. ती आधी हसली आणि मग रडली. आमच्या इथे तर दोन्ही एकदमच चाललं होतं. घसा आता बरा आहे तिचा.

तुम्ही लिहिलेलं मी इथे पुन्हा उतरवते आहे. तुम्हाला पाठ असेल, पण मला ते माझ्या अक्षरात हवं आहे.

'चार वर्षांपूर्वी तालुक्यातील इंटरनेट बंद झाले तेव्हा आम्ही याच जागी अग्रलेख लिहिला होता. ज्या अभियंत्याने आदेश न मागता ते बंद केले तिचे नाव आम्ही छापले. तिने आदेश मागितला नव्हता हे तिने आता स्वतः, लेखी, सहीनिशी कळवले आहे. त्यासाठी धैर्य लागते. परंतु तिचे नाव आम्हाला एका फोनवरून कळले होते. ते आम्ही तिला न विचारता, तिची बाजू न घेता छापले. ती तेव्हा आमच्याच घरात, शेजारच्या खोलीत होती. उठून दार वाजवणे एवढेच करायचे होते. जो नियम आम्ही दुसऱ्यांना सांगतो तो आम्ही पाळला नाही. याबद्दल आम्ही तिची आणि वाचकांची क्षमा मागतो.

'त्याच अग्रलेखात "ही अभियंता दुर्दैवाने आमची मुलगी आहे" असे वाक्य होते. त्यातील "दुर्दैवाने" हा शब्द चुकीचा होता. वाचकांनी तो वगळून वाचावा.

— संपादक'

बाबा, मी तो वगळून वाचलं. सकाळपासून पाच वेळा वाचलं.

तुमची,
सुचित्रा